हेब्बाळच्या तळ्यातली मडकी

भित्री म्हणून घरात माझं नाव होतं. पालीला, जटक्याच्या, म्हणजे टांग्याच्या, घोड्याला, मारुतीच्या देवळातल्या मोठ्या घंटेला, कुणी जोरात शिंकलं तर त्या शिंकेला, मी सगळ्यांना सारखीच भ्यायचे. चुलत भावंडं ‘भित्री भागूबाई’ म्हणून टाळ्या पिटायची आणि मी आईच्या पदराआड जायचे. आता सत्तरी उलटून गेल्यावर वाटतं, त्या पोरांना काय कळत होतं! पाल आणि घोडा हे वरवरचे बहाणे होते. खरी भीती एकच होती, आणि तिचं नाव घ्यायची घरात बंदी होती, म्हणून बिचारी ती पालीच्या नावावर खपून जायची.

आमचं घर चिकपेटेत. पुढे कपडे शिवायचं दुकान, मागे आम्ही. दुकान दोडप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचं. मापं घेणं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांच्याकडे, कापड बेतणं अण्णांकडे. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तंबू आणि अंगरखे शिवत इकडे कानडी मुलखात आले आणि इथेच राहिले, एवढंच आम्हाला ठाऊक. मूळ गाव कुठलं ते कुणालाच सांगता येत नसे, आणि आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालातल्या गालात हसत. दिवसभर दुकानातून घरात दोन आवाज यायचे. एक शिलाई यंत्रांची खडखड, आणि तिच्यातून वेगळी ओळखू येणारी अण्णांच्या मोठ्या कात्रीची कर्रकर्र. यंत्रांकडे कुणाचं लक्ष नसे. कात्रीकडे सगळ्यांचं असे. कात्री चालू आहे तोवर आई नाचणीच्या पिठात हात घालून मजेत असायची आणि अक्का, माझी थोरली बहीण, केस विंचरत असायची. कात्री थांबली की आईचा हात परातीत थांबायचा, अक्काची फणी केसांत थांबायची आणि मी श्वास धरून बसायचे. पुन्हा कर्रकर्र सुरू झाली की आम्ही तिघी काही झालंच नाही अशा कामाला लागायचो. अण्णा नुसता खडू शोधायला थांबलेले असायचे. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं, पण त्याबद्दल एकमेकींशी आम्ही कधी ब्र काढला नाही.

कारण कधी कधी तो खडू नसे, ‘ते’ असे. ‘ते’ला आमच्या घरात दुसरं नावच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव आईने दवाखान्याच्या पायरीवरच टाकून दिलं होतं. ‘ते’ आलं की अण्णांची नजर जागच्या जागी विझायची, आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागायचा, कापडाचा पोत बघावा तसा. शिंप्याचाच हात तो. बघणाऱ्याला वाटे, मास्तर कापड पारखताहेत. हाक मारली तर ऐकू जायचं नाही. बऱ्याचदा तेवढ्यावरच निभायचं. थोड्या वेळाने अण्णा परत यायचे आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे कापायला लागायचे. मध्ये काही झालं हे त्यांच्या गावीही नसे. पण कधी कधी गुडघे सुटायचे. एकदा ते कोळशाच्या इस्त्रीवर पडले, तो डाग मनगटावर शेवटपर्यंत होता. आगीपासून आणि पाण्यापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्याही दिल्या होत्या, पण त्या घेतल्या की अण्णांना दिवसभर पेंग यायची आणि बाह्या तिरक्या कापल्या जायच्या, म्हणून गोळ्या फळीवर आणि अण्णा रामभरोसे. आज इथे जे. पी. नगरात आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी रोज एक गोळी घेऊन बँकेत नोकरी करते. लग्न ठरवताना तिने समोरच्यांना सगळं सांगून टाकलं. तिच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणीच आलं, आणि त्या बाईंना वाटलं की मला वाईट वाटलं.

आमच्याकडे मात्र बाहेर कुणाला कळता कामा नये, हाच धर्म होता. दोडप्पांचं गिऱ्हाईक तुटेल ही एक गोष्ट. त्याहून मोठी गोष्ट अक्काची. तिला स्थळं बघायला लागले होते, आणि ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं एकदा कुणी म्हणालं की सगळं संपलं. म्हणून चारचौघांत ‘ते’ आलं तर काय करायचं, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं होतं. ओरडायचं नाही. पळायचं नाही. मदतीला कुणालाही बोलवायचं नाही. जवळ जाऊन कोपर धरायचं, पाठ भिंतीला टेकवायची, मुठीत लोखंडी किल्ली द्यायची आणि कुणी विचारलंच तर हसून सांगायचं, ‘पित्त झालंय.’ देवळात, बाजारात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मी हे केलेलं होतं. हसणं सगळ्यात अवघड जायचं.

थंडी पडली की चिकपेटेच्या कोपऱ्यावर अवरेकाळूच्या शेंगांचे ढीग लागायचे. अवरेकाळू म्हणजे पावट्याचीच बहीण, पण वास तिचा एकटीचा. रात्री भिजवलेले दाणे सकाळी चिमटीत दाबायचे, साल हातात राहतं आणि दाणा टुपकन परातीत पडतो. आम्ही सगळ्या परातीभोवती बसून ते करायचो. बोटांना तो हिरवा तेलकट वास दिवसभर असायचा. याच दिवसांत अण्णांच्या चेहऱ्यावर थोडी जान यायची. परातीजवळून जाता जाता ते म्हणायचे, ‘आली असतील.’ म्हणजे बदकं. वर्षभर खाली मान घालून कापड कापणारा हा माणूस थंडीच्या दिवसांत रविवारी हेब्बाळच्या तळ्यावर जाऊन पाखरं बघायचा, आणि तेवढी एकच हौस त्याला होती. आईला ते पसंत नव्हतं, पण तीही मोडता घालू शकत नव्हती. अक्काने या वयात रानोमाळ हिंडणं बरं दिसत नव्हतं, म्हणून सोबतीला मी.

‘स्वल्प लक्ष ठेव गं,’ आई माझ्या झग्याच्या खिशात किल्ली घालताना म्हणायची. ‘आणि तुम्ही हो, बांधावर बसूनच काय ते बघा. पाण्याशी जायचं नाही.’

‘सरी, सरी,’ अण्णा मान डोलावून म्हणायचे आणि चपला पायात सरकवायचे.

ते सरळ सरळ खोटं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

हेब्बाळ तेव्हा गावाबाहेर होतं. बस शेवटच्या थांब्यावर सोडायची आणि पुढे नाचणीच्या कापलेल्या शेतांतून चालायचं. आता तिथे उड्डाणपुलांचा असा गुंता झाला आहे की मुलगा गाडी चालवत असला की मी डोळेच मिटून घेते. तेव्हा पहाटेचं धुकं इतकं दाट असायचं की तळं आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. शेकडो चोची पाणी चाळताहेत, चपचप चपचप, मधूनच एखादी शीळ, लांब धोबीघाटावर कपडे आपटल्याचा आवाज. मग धुकं विरळ व्हायचं आणि त्यातून बदकांचे काळे ठिपके वर यायचे, आणि त्यांच्यामध्ये आमची मडकी.

ही मडक्यांची युक्ती पाखरं पकडणाऱ्या लोकांची. अण्णांनी ती लहानपणी तिथेच पाहिली होती. मडक्याचं तोंड फडकं आणि डांबर लावून बंद करायचं, गळ्याला दोरीने धोंडा बांधायचा आणि अशी पाच-सहा मडकी उथळ पाण्यात सोडून द्यायची. पाण्यावर नुसती त्यांची काळी गोल बुडं दिसतात. काही दिवसांत बदकांना त्यांची सवय होते. मग माणूस तसंच एक मडकं डोक्यावर पालथं घालतो, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं, आणि गुडघे वाकवून, गळ्यापर्यंत पाण्यात राहून हळूहळू त्यांच्यात जातो. बदकांना वाटतं, हे आणखी एक मडकं. ते लोक पाय धरून बदक पाण्याखाली ओढून घेत. अण्णा काही ओढत नसत. ते नुसते त्यांच्यामध्ये उभे राहत, तास तासभर. ‘दुर्बिणीतून काय, चित्र दिसतं,’ ते म्हणायचे. ‘मडक्यातून त्यांच्या पापण्या दिसतात गं.’ त्या पाखरांची नावं आम्हाला कुणी सांगितलेली नव्हती, म्हणून अण्णांनी आपलीच ठेवली होती. लांब टोकदार शेपटीची ती सुईशेपटी. पळीसारख्या चपट्या चोचीची ती पळीचोच. आणि वरून गिरक्या घेत येणारा, ज्याची नुसती सावली पडली तरी सगळं तळं बोंबलत उठायचं, तो पोलीस.

अण्णा खुशीत पाण्यात शिरायचे आणि मी काठावर जीव मुठीत धरून बसायचे. माझी पंचाईत कुणाच्या लक्षात आली असेल तर सांगा. ‘ते’ ओळखायच्या मला दोन खुणा शिकवलेल्या होत्या, नजर आणि अंगठा. आता नजर मडक्यात होती आणि अंगठा पाण्याखाली. पहिल्या रविवारी मी इतकी रडले की अण्णांनी एक करार केला. थोड्या थोड्या वेळाने ते मडक्यासकट मान हलवणार, होय म्हटल्यासारखी. मान हलली की मी समजायचं, ठीक आहे. त्यांनी माझ्यासाठीसुद्धा एक लहान मडकं भोकं पाडून, कडा घासून तयार केलं होतं. ‘उतर की माझ्याबरोबर, चिन्नी. एकदा बघशील तर भीती पळून जाईल.’ मला जळवांची भीती वाटायची, गाळाची वाटायची, आणि त्या मडक्यात डोकं घालायची तर फारच वाटायची. ते मडकं अख्खी थंडी काठावरच्या लव्हाळ्यात पडून होतं.

त्या रविवारी जायलाच नको होतं. येत्या आठवड्यात अक्काला बघायला माणसं येणार होती. घर नुसतं ताणलेलं होतं. भांडं पडलं तरी सगळे दचकायचे. अण्णा रात्री नीट झोपले नव्हते, आणि झोप मोडली की ‘ते’ हमखास येतं, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. ‘आज राहू द्या,’ आई म्हणाली. अण्णा म्हणाले, ‘पुढच्या रविवारी कुठे जमणार?’ आणि निघाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की किल्ली खिशात असूनही मी ती पुन्हा चाचपून पाहिली.

अण्णा पाण्यात गेले. धुकं निवळत होतं. मी त्यांच्या मडक्यावरून डोळा हलवला नाही. ते सुईशेपटींच्या एका मोठ्या घोळक्याजवळ जाऊन थांबलं आणि हललं, होय. थोड्या वेळाने पुन्हा होय. मी डब्यातला चित्रान्नाचा, म्हणजे लिंबाच्या भाताचा, एक घास खाल्ला. तेवढ्यात पोलीस आला. सावली पाण्यावरून सरकली आणि सगळं तळं एकदम उठलं. पंखांचा एवढा आवाज, एवढं पाणी उडालेलं, की मी डोक्यावर हात घेऊन खाली वाकले. वर पाहिलं तोवर बदकं एक फेरी मारून परत पाण्यावर उतरत होती. लाटा मडक्यांना हेलकावत होत्या. मग लाटा थांबल्या, मडकीही थांबली, आणि यातलं माझ्या अण्णांचं कुठलं, ते मला सांगता येईना.

मी वाट पाहिली. आता एखादं मान हलवेल. बदकं पुन्हा चपचप करायला लागली. एकही मडकं हललं नाही. माझी पाचावर धारण बसली.  हाक मारावी, तर बदकं उडतील ही भीती नव्हती. बदकं गेली खड्ड्यात. पण ‘ते’ आलेलं असलं तर अण्णांना हाक ऐकूच जाणार नव्हती, ती जाणार होती धोब्यांना. ते धावत येणार, अण्णांना तसे बघणार, आणि त्या धोब्यांकडे अर्ध्या चिकपेटेचे कपडे. आठवडाभरात येणारी माणसं वाटेतूनच परत जाणार. मला शिकवलेलं सगळं त्या एका क्षणी डोक्यात उभं राहिलं: ओरडायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, जवळ जायचं. जवळ कसं जायचं, तळ्यात?

‘एनम्मा, अप्पा एल्ली?’ मागून आवाज आला. एक म्हातारा धोबी गाढव घेऊन बांधावरून चालला होता. काय गं, बाप कुठाय तुझा?

‘अल्ली,’ मी झुडपांकडे बोट दाखवलं आणि हसले. कशी हसले, देव जाणे. तो पुढे गेला.

मी लव्हाळ्यातलं मडकं काढलं. आत ओल्या मातीचा आणि डांबराचा वास होता. ते डोक्यावर घातलं आणि जग दोन भोकांएवढं झालं. माझा स्वतःचा श्वास मला वादळासारखा ऐकू येत होता. पाणी इतकं गार की पोटऱ्यांना चावल्यासारखं झालं. गाळ पाय धरायचा आणि सोडायचा, काहीतरी बुळबुळीत मांडीला घासून गेलं, आणि मी आतल्या आत ‘आई, आई’ म्हणत राहिले. मला पोहता येत नव्हतं. पाणी छातीला आलं, मग गळ्याला. बदकं थोडी बाजूला सरकली, बस्स. पहिल्या मडक्याला मी हात लावला तर ते डुचमळलं. खाली धोंड्याची दोरी. दुसऱ्यालाही लावला, तेही डुचमळलं. तिसऱ्याला हात लावला आणि ते हललं नाही.

मी त्याच्या भोकाला माझ्या मडक्याचं भोक लावलं. आत अण्णांचा डोळा होता. उघडा होता, पण बघत नव्हता.

पाण्याखाली त्यांचा डावा हात शोधला. अंगठा बोटांवर घासत होता, सावकाश, पुन्हा पुन्हा. खिशातली किल्ली काढून त्यांच्या मुठीत घालायला गेले, तर ती निसटून खाली गाळात गेली. मग मी माझीच बोटं त्यांच्या मुठीत घातली आणि खांदा त्यांच्या बगलेखाली रोवला. त्यांचे गुडघे सुटले असते तर मी काय करणार होते? काही नाही. माझ्यावर ते पडले असते आणि दोघं तिथेच राहिलो असतो, एवढं मला अगदी स्वच्छ समजत होतं. पाणी माझ्या हनुवटीला होतं. अण्णा एकदा माझ्या अंगावर झुकले आणि माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. मी टाचा उचलून कशीबशी वर आले आणि खोकला दाबला. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. तीन बाळंतपणं आणि नवऱ्याचं ऑपरेशन धरून सांगते. आमच्या चारी बाजूंनी बदकं शांतपणे खात होती.

मग त्यांचा अंगठा हळू झाला. थांबला. त्यांची बोटं माझ्या बोटांवरून फिरली, आता खरोखर ओळखू पाहणारी.

‘कोण? चिन्नी?’ मडक्यातून घोगरा आवाज आला. आणि मग, केवढ्या आनंदाने, ‘अगं, तू मडकं घातलंस!’

‘चला,’ मी म्हणाले. ‘आत्ताच्या आत्ता चला.’

काठावर ऊन आलं होतं. अण्णांनी कोरडं धोतर नेसलं, मला आपला सदरा दिला, आणि ‘ते’ येऊन गेल्यावर त्यांना नेहमी लागायची तशी सपाटून भूक लागली होती म्हणून डबा पुढ्यात घेतला. माझे दात वाजत होते. पायाला दोन जळवा लागल्या होत्या, त्या त्यांनी चित्रान्नातल्या लिंबाची फोड चोळून काढल्या.  शेवटी मी म्हणाले, ‘ते आलं होतं.’

आजवर घरातलं कुणी हे त्यांना तोंडावर म्हणालं नव्हतं. त्यांचा घास हातात राहिला.

‘पाण्यात?’

‘पाण्यात.’

त्यांनी घास परत डब्यात ठेवला. मी तोवर रडून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ‘इतकी आत आलीस, तुला काय काय दिसलं?’

‘काही नाही.’

‘सुईशेपटी हाताशी होत्या की गं. काहीच नाही?’

‘तुमचा डोळा दिसला.’

 आमच्या घरचा एक हिशेब होता: ‘ते’ एकदा येऊन गेलं की पुढचे काही दिवस येत नाही. घरातले सगळ्यात निर्धास्त दिवस तेच. आई त्या दिवसांत अण्णांना एकट्यालाही बाजारात पाठवायची. तो हिशेब धरूनच असेल, किंवा माझं काहीतरी देणं लागतो असं वाटून असेल, अण्णा म्हणाले, ‘आता मला काही होत नाही, तुला ठाऊक आहे. झगा ओलाच आहे तुझा. तू परत जा आणि नुसती बदकं बघ. काठावर आज मी बसतो.’

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांचा चेहरा इतका पडलेला होता, कदाचित म्हणून. मडकं घालून मी पुन्हा आत शिरले, आणि तेव्हा मला दिसलं. एक पळीचोच माझ्यासमोर हातभर अंतरावर गोल गोल फिरत होती, चोच पाण्यात टेकवून, भोवऱ्यासारखी; तिच्या चोचीच्या कडेने पाणी बारीक धारांनी गळत होतं, आणि तिचा डोळा पिवळाजर्द होता. एक सुईशेपटी झोपली होती. तिची पापणी खालून वर मिटते, हे मी पाहिलं. ती श्वास घ्यायची तेव्हा छातीवरची पिसं थोडी उघडायची. मी किती वेळ तिथे होते कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा मी कशाचाही कानोसा घेत नव्हते. अण्णांना विसरले. मान हलवायची तर साफ विसरले.

एकदम सगळी बदकं उडाली. मी गर्रकन वळले. अण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, कोरडं धोतर भिजवून, डोक्यावर मडकं नाही, काही नाही. एका मडक्याकडून दुसऱ्या मडक्याकडे बघत होते. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मी मडकं काढून हात वर केला तेव्हा ते तिथेच पाण्यात असे गुडघ्यावर बसले, की मला वाटलं, झालं, पुन्हा आलं. पण त्यांची नजर माझ्यावर होती.

मी त्यांना धरून काठावर आणलं. 

‘मला कळेचना गं, यातलं तुझं कुठलं,’ ते म्हणाले. ‘हाक मारायला गेलो, तर आवाजच निघेना.’ मग, ‘तुला असं होतं? दर रविवारी?’

‘रविवारचं काय घेऊन बसलात, अण्णा? घरी रोज होतं. आईला, अक्काला, मला. तुमची कात्री थांबली की.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच त्यांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्यांच्यापासूनच सगळ्यात जास्त लपवलं होतं, आणि ज्या वेळी ‘ते’ यायचं त्या वेळी अण्णा तिथे कधी नव्हतेच.

‘मी ते कधी पाहिलेलं नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘कसं दिसतं? दाखव.’

‘नको, अण्णा.’

‘दाखव गं.’

मग मी दाखवलं. ताठ बसले, समोरच्या पाण्यावर नजर ठेवली आणि ती तिथेच सोडून दिली. डावा हात मांडीवर घेतला आणि अंगठा बोटांवर घासायला लागले, सावकाश, कापड बघावं तसा. ओठ थोडे हलवले. सगळं मला पाठ होतं, इतक्या वर्षांत माझ्याइतकं बारकाईने ते कुणी पाहिलं नसेल. अण्णांनी हाक मारली, ‘चिन्नी.’ मी ऐकलं नाही, कारण ते ऐकत नसत. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग खांदा हलवला. मी पाण्याकडे बघत राहिले आणि अंगठा घासत राहिले. तेव्हा त्यांनी माझी बोटं आपल्या मुठीत घट्ट आवळून धरली आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, ‘पुरे. पुरे गं बाळा, आता थांब.’

मला थांबता येत होतं. मी थांबले.